काकांची वाडी

आज श्रीवर्धनला काकांकडे गेले होते. ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळात, त्यांची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. काका अजून म्हणतात, "अगो, ते वादळ सोडलेलं होतं. मशीनने."

पूर्वी मी वाद घालायचे. आज ऐकत बसले. वडिलांनी लावलेली झाडं नुसत्या वाऱ्याने गेली, हे सोसण्यापेक्षा कुणीतरी मुद्दाम केलं हे मानणं सोपं असावं. २००८ च्या एका प्रयोगात दिसलं होतं, आपल्या हातात काही नाही असं वाटायला लागलं की माणसांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या दिसतात.

पण काका आता हवामान खात्याचा इशाराही मानत नाहीत. मला भीती त्याची वाटते. निघताना काकू हळूच म्हणाली, "इशारा आला की मला फोन कर गो."