दाढदुखीच्या गोळ्यांपासून आयसीयूपर्यंत

ताईची दाढ दुखत होती, एवढंच निमित्त. डेंटिस्टची वेळ पाच दिवसांनंतरची मिळाली, तोवर गोळ्यांवर काढू असं तिनं ठरवलं. दुखण्यावर एक गोळी, कणकण वाटली म्हणून तापाची दुसरी, नाक वाहायला लागलं म्हणून सर्दीची तिसरी. नावं वेगळी, रंग वेगळे आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. चावता येत नाही म्हणून जेवणही जवळपास बंद. नंतर भावोजींनी रिकामी पाकिटं मांडून हिशेब केला, तेव्हा रोजचं सात ग्रॅमच्या आसपास भरलं. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि उपाशी पोटी तेवढंही जड जाऊ शकतं.

पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पित्त झालं असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. सहाव्या रात्री ती टक्क जागी आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर झोपलेली. उठल्यावर तिनं मला फोन करून विचारलं, "तू कधी येणार आहेस?" मी शेजारच्याच खोलीत होतो. सकाळपासून.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे ताठ धरायला सांगितले, गाडी थांबवताना धरतो तसे, तळवे समोर. पंजे मधूनच गळायचे आणि पुन्हा वर यायचे, मेंदूवर परिणाम झाल्याची ती खूण. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, ८,२०० आलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, २.४. डोळ्यांत मात्र पिवळेपणा जेमतेम. यकृत बिघडलं की माणूस पिवळाधमक होतो अशी माझी समजूत होती. पॅरासिटामॉलमध्ये पेशी इतक्या झपाट्यानं मरतात की कावीळ मागे राहते.

"अ‍ॅक्यूट लिव्हर फेल्युअर," डॉक्टर म्हणाले. आधी यकृत ठणठणीत, दुखणं २६ आठवड्यांच्या आतलं, आयएनआर १.५ किंवा त्याहून जास्त आणि मेंदूवर परिणाम. शेवटच्या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते घरी पाठवत नाहीत, वॉर्डातही ठेवत नाहीत.

कारण उघड दिसत असूनही त्यांनी बाकीचं सगळं तपासलं. हिपॅटायटिस ए, बी, ई, ऑटोइम्यून (शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं तो आजार), शरीरात तांबं साठण्याचा विल्सन्स आजार, यकृताच्या शिरांमधला रक्तप्रवाह बघणारी डॉपलर सोनोग्राफी. काढे, पावडरी, रानातली अळंबी, टीबीची औषधं असं काही घेतलंय का, हे आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. "मुद्दाम घेतल्या का गोळ्या?" या प्रश्नावर भावोजी भडकलेच. आता वाटतं, विचारायलाच हवं होतं.

रिपोर्टांची वाट न बघता एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचं सलाइन सुरू झालं. नर्स अँप्यूल फोडायची तेव्हा कुजलेल्या अंड्यासारखा भपकारा यायचा. पॅरासिटामॉलचा एक विषारी अंश यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य निपटतं. तो साठा संपला की तोच अंश पेशींवर उलटतो. हे औषध साठा पुन्हा भरतं. ठरलेला कोर्स २१ तासांचा, पण ताईचा आयएनआर चढाच होता म्हणून पुढे चालूच ठेवलं.

त्याच दिवशी, ती बोलत होती तोवरच, त्यांनी तिला प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्रात हलवलं. मला ती घाई वाटली. पण बेशुद्धी वाढल्यावर ॲम्ब्युलन्सचा प्रवास जास्त धोक्याचा असतो.

भरती केल्यापासून तिसऱ्या दिवशी एसजीपीटी ८,२०० वरून ३,१०० वर आलं. मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "उतरलं!" संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जळायला पेशीच उरल्या नाहीत तरी हा आकडा उतरतो, म्हणाले. "तुम्ही आयएनआर बघा आणि ताईंना बघा." आयएनआर ४.८ होता. मग मी प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव, द्या म्हणून हटून बसलो. रक्तस्राव नसताना प्लाझ्मा दिला तर आकडा दिसायला सुधारतो, यकृत काय करतंय ते झाकलं जातं, असं त्यांनी सांगितलं. ती तळमळत होती तरी झोपेचं औषध दिलं नाही, कारण मेंदू कुठवर गेलाय हे कळणं बंद झालं असतं.

तिच्या उशाशी एक कागद असायचा. दर चार तासांनी तिला त्यावर सही आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगायचे. पहिली सही नेहमीसारखी, खाली ठसठशीत रेघ. दुसऱ्यात अक्षरं एकमेकांवर चढलेली. चांदणीची टोकं जुळेनात. पाचव्या वेळी पेन नुसतं ओढलं गेलं. त्या रात्री व्हेंटिलेटर लावला.

पुढचं सगळं मेंदूची सूज वाढू नये म्हणून. यकृत निपटतं तो मेंदूला बाधणारा अमोनिया १६८ वर चढलेला. डोक्याकडची बाजू ३० अंश वर, सोडियम १४५ ते १५० च्या मध्ये राहील असं दाट सलाइन, अमोनिया उतरवायला आणि थकलेल्या किडनीसाठी चोवीस तास चालणारं डायलिसिस. साखर तासातासाला. एकदा ४८ निघाली, कारण साखर साठवून लागेल तशी सोडणं हे काम यकृताचंच.

प्रत्यारोपणाचा निर्णय लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या १९८९ च्या निकषांवर बेतलेला होता. पॅरासिटामॉलच्या रुग्णांसाठी ते असे: सलाइन देऊनही रक्ताचा पीएच ७.३ च्या खाली, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं, किंवा आयएनआर ६.५ च्या वर, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ३.४ च्या वर आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीची बेशुद्धी, ही तिन्ही एकत्र. ताईकडे शेवटच्या दोन होत्या, आयएनआर ५.९ वर. रक्तगट जुळत होता म्हणून यकृताचा हिस्सा देण्यासाठी माझी तयारी सुरू झाली. सीटी करून यकृताचं आकारमान काढलं, कारण देणाऱ्याकडे निदान तिसरा हिस्सा तरी उरायला हवा. मग एका खोलीत मला एकट्याला बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का? नको असेल तर आम्ही वैद्यकीय कारण सांगू, खरं कुणाला कळणार नाही. मी हो म्हणालो, पण दरवाजाकडे एकदा पाहिलं होतं, हे अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी पहाटे डॉक्टर राउंडवर जरा मोकळेपणानं बोलले. "फॉस्फेट घसरलंय." मी घाबरलो. नव्या पेशी तयार होताना फॉस्फेट खेचून घेतात, चांगलं लक्षण आहे, म्हणाले. दुपारी आयएनआर ५.१. रात्री ४.३. माझं ऑपरेशन आधी पुढे ढकललं, मग रद्द झालं. आठव्या दिवशी नळी काढली. नवव्या दिवशी तिनं कागद मागितला आणि चांदणी काढली, एक टोक जरा आखूड.

यकृत पुढे पूर्ण भरून आलं. दाढ मात्र तशीच होती. सहा आठवड्यांनी आयएनआर नॉर्मल असल्याचा रिपोर्ट घेऊन आम्ही ती काढायला गेलो, तर दुखण्यासाठी काय लिहून देता ते तिनं इंजेक्शनच्या आधीच विचारून घेतलं.