सहा पोरं, नवरा आणि हिटलर

मे १९३८. हिटलर रोममध्ये आलाय, मुसोलिनीने त्याच्यासाठी जंगी संचलन ठेवलंय आणि अख्खं शहर तिकडे लोटलंय. एत्तोरे स्कोलाच्या ‘अ स्पेशल डे’ (१९७७) या सिनेमात हा थाट सुरुवातीच्या बातमीपटातच उरकतो. मग कॅमेरा एका अवाढव्य इमारतीतल्या स्वयंपाकघरात शिरतो. तिथे सोफिया लॉरेनची अंतोनिएत्ता कामाला जुंपलेली. केस विस्कटलेले, मोजा उसवलेला. नवरा आणि सहा पोरं नटूनथटून संचलनाला जातात. ही मागे राहते. घरचं आवरणार कोण?

संचलन नंतर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. इमारतीची राखण करणाऱ्या बाईने रेडिओ मोठ्याने लावलाय. बँड, घोषणा, समालोचकाचा चढा सूर, सगळं चौकातून घरोघर शिरतं. खिडकी लावली तरी सुटका नाही. हजार माणसांची गर्दी दाखवणाऱ्या भव्य सिनेमांपेक्षा मला हा भोंगा जास्त भिववतो.

तिची मैना उडून समोरच्या खिडकीपाशी जाऊन बसते, म्हणून गाब्रिएलेशी (मार्चेल्लो मास्त्रोयान्नी) ओळख होते. तो रेडिओवर निवेदक होता. समलिंगी म्हणून काढून टाकलेला. म्हणजे ज्या रेडिओने त्याला हाकललं, तोच आता दिवसभर त्याच्या कानाशी कोकलतोय.

अंतोनिएत्ताला मात्र स्कोला नुसती ‘बिचारी’ करत नाही, हे मला फार आवडलं. ती मुसोलिनीची भक्त आहे! त्याच्या फोटोंची वही तिने जिवापाड जपलीय, घरात त्याचं बटणांनी केलेलं चित्र आहे. बाहेरची उलथापालथ तिच्यावर कोसळलेली नाही, तिने ती हौसेने घरात आणून मांडलीय. म्हणून तर गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, तो स्वतःबद्दल खरं सांगतो तेव्हा ती त्याला थोबाडीत मारते. एकीकडे तो हवासा वाटतोय, दुसरीकडे वहीतली शिकवण. लॉरेनच्या चेहऱ्यावर दोन्ही एकदम दिसतं. पुढे ती पुन्हा त्याच्याकडे जाते, पण तोवर दिवस कलायला आलेला असतो.

संध्याकाळी दोन माणसं येऊन गाब्रिएलेला घेऊन जातात. इकडे नवरा घरी परतलेला, एकदम खुशीत. आता सातवं मूल होऊ दे म्हणतो. नावही ठरवून आलाय: अदोल्फो.