अमेरिकन इंजिनांची ओळख: पंखे, जाळ्या आणि धूर

मंडळी, फोटोच्या तुकड्यावरून इंजिन ओळखण्याचा आमचा सराव या पावसाळ्यात बराच पुढे सरकला, म्हणून सविस्तर लिहितेय. पद्धत तीच. आमच्यातलं कुणीतरी जुन्या अमेरिकन इंजिनाचा फोटो घेतं, नंबर आणि कंपनीचं नाव कापून टाकतं, रंग काढून फोटो कृष्णधवल करतं आणि उरलेला तुकडा बाकीच्यांना पाठवतं. कधी नुसती बोगी (इंजिनाखालची चाकांची चौकट), कधी छताची कड, कधी मागच्या टोकाचा थोडासा भाग. त्यावरून कारखाना, मॉडेल आणि जमलं तर बांधणीचा काळ सांगायचा.

रंग मुद्दाम काढतो. अमेरिकेत रंगावर भिस्त ठेवून चालत नाही. १९७६ साली पेन सेंट्रल, ईरी लॅकावाना, रीडिंग, लीहाय व्हॅली अशा डबघाईला आलेल्या रेल्वे एकत्र करून कॉनरेल उभी राहिली, आणि एकाच इंजिनाने आयुष्यात दोन-तीन कंपन्यांचे रंग आणि तेवढेच नंबर अंगावर वागवले. नंतर विक्री, भाडेपट्टा, पुनर्बांधणी. उंच नाक (केबिनपुढचा आखूड भाग, म्हणजे शॉर्ट हूड) कापून बुटकं केलेली इंजिनं तर ढिगाने सापडतात. रेडिएटरची मांडणी मात्र सहसा कुणी बदलत नाही.

म्हणून आता माझा बघण्याचा क्रम ठरलाय. पहिला प्रश्न: हवा आत कुठून जाते आणि गरम होऊन बाहेर कुठून पडते? दोन-तीन हजार अश्वशक्तीचं इंजिन लोखंडी पेटीत बसवलं की त्याची उष्णता कुठून तरी बाहेर काढावीच लागते, आणि ती सोय पत्र्याआड लपवता येत नाही. जाळ्या, पंखे, धुरांडी सगळी उघड्यावर असतात. त्यांची मांडणी वाचता आली की निम्मं काम झालं.

सोप्यापासून सुरुवात करते. चार धुऱ्यांची (चाकांचे चार आस असलेली) ईएमडी रोड स्विचर असेल, तर लाँग हूडच्या मागच्या टोकाचं छत बघायचं. ईएमडी म्हणजे जनरल मोटर्सचा इंजिन कारखाना, रोड स्विचर म्हणजे मार्गावर आणि यार्डात दोन्हीकडे चालणारं, बाजूला फळी असलेलं इंजिन, आणि लाँग हूड म्हणजे केबच्या एका बाजूची, यंत्र झाकणारी लांब पेटी. तिथे सारख्या आकाराचे तीन मोठे पंखे असले तर जीपी४०. दोनच असले तर जीपी३८. दोन मोठे आणि मध्ये एक लहान असला तर जीपी३५. जीपी३८ आणि जीपी४० या दोघींत ६४५ मालिकेचंच १६ सिलिंडरचं इंजिन, पण जीपी४० ला टर्बोचार्जर आहे आणि ती ३,००० अश्वशक्ती देते, तर जीपी३८ ला साधा ब्लोअर आणि शक्ती २,०००. शक्ती कमी म्हणून उष्णता कमी, म्हणून एक पंखा कमी. छत दिसत नसेल तर धुरांडी मोजा: जीपी३८ वर दोन लहान, जीपी४० वर एकच मोठं. जीपी३० ला तर पंख्यांपर्यंतही जावं लागत नाही. तिच्या केबच्या (चालकाच्या खोलीच्या) छतापासून मागे जाणारा उंचवटा दुसऱ्या कुठल्याच ईएमडीवर नाही.

नावापुढे ‘-२’ लागलेली मालिका १९७२ मध्ये आली. ती ओळखायला लाँग हूडच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाकडे एक छोटी लांबट गोल काच शोधायची. थंड करणाऱ्या पाण्याची पातळी बघायची ती काच. जोडीला बॅटरीच्या पेटीचं झाकण बघा. ते बिजागरीचं नसून बोल्टने आवळलेलं असेल तर शंका उरत नाही. एसडी४०-२ मध्ये आणखी एक सोय आहे. नव्या एचटी-सी नावाच्या तीन धुऱ्यांच्या बोग्यांसाठी तिची चौकट लांबवली, हूड मात्र तेवढाच राहिला, त्यामुळे पुढे-मागे मोठे मोकळे ओटे उरले. अशी सुमारे ४ हजार इंजिनं बनली, म्हणजे सहा धुऱ्या आणि ऐसपैस ओटा दिसला की पहिला अंदाज हाच धरायचा.

एसडी४५ मला मनापासून आवडते. २० सिलिंडर, ३,६०० अश्वशक्ती. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्ट मोडण्याचा त्रास झाला, पण रूप असं की एकदा पाहिलं की विसरत नाही. एवढी उष्णता काढायला रेडिएटर मोठे हवेत आणि चौकट तर एसडी४० चीच. मग ईएमडीने रेडिएटर तिरके बसवले आणि हूडची वरची कड सुपाच्या कडेसारखी बाहेर फाकली. बाजूने काढलेल्या फोटोत ते फाकणं कळत नाही. समोरून किंवा मागून घेतलेला तुकडा हवा.

आता या वेळचा सर्वांत समाधान देणारा तुकडा. मागच्या टोकाची फक्त खालची बाजू दिली होती: चालण्याची फळी, कठडा आणि फळीला लागून वर गेलेली मोठी उभी जाळी. जाळीतून पलीकडचा उजेड दिसत होता. लाँग हूडच्या मागच्या भागातून आरपार दिसतं, म्हणजे हा टनेल मोटर. सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या डोनर मार्गावर बोगदे आणि रूळ बर्फापासून झाकणाऱ्या छपऱ्या एकामागून एक होत्या. नेहमीच्या ईएमडीत हवा हूडच्या वरच्या जाळ्यांतून आत येते आणि छतावरचे पंखे ती ओढून वर फेकतात. बोगद्यात पुढच्या इंजिनांचा तापलेला धूर नेमका छतालगत साचतो, मागची इंजिनं तोच आत ओढतात, तापतात आणि बंद पडतात. उपाय असा केला की हवा खालून, फळीच्या उंचीवरून घ्यायची, कारण तिथली हवा त्यातल्या त्यात गार असते. पंखे रेडिएटरच्या खाली नेले. ते आता हवा वर ढकलतात, म्हणून छतावर नेहमीची पंख्यांची रांग दिसतच नाही.

इथवर आल्यावर पुढचा प्रश्न: एसडी४०टी-२ की एसडी४५टी-२? पंख्यांपाशी जायची झाकणं मोजायची. दोन असली तर ४०, तीन असली तर ४५. तुकड्यात तीन होती. मालक मात्र त्या तुकड्यावरून सांगता येत नाही, कारण सदर्न पॅसिफिकची उपकंपनी कॉटन बेल्टनेही हीच इंजिनं घेतली. रिओ ग्रँडेकडेही टनेल मोटर होते, पण ते ४०टी-२, म्हणून ते नाव इथे बाद झालं. मला हे सगळंच फार सुंदर वाटतं. एका डोंगरातल्या अडचणीने इंजिनाचा आकार बदलला आणि ती अडचण त्याच्या अंगावर कायमची दिसत राहिली.

धुराबद्दल आपल्या लोकांना वेगळं शिकवायला नको. पुण्याहून डब्ल्यूडीएम-२ निघताना काळ्या धुराचा लोट ज्याने पाहिलाय, त्याने अल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) पाहिलीय. ती अल्कोचीच रचना. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीत बांधणी सुरू झाली. फोर-स्ट्रोक इंजिन, टर्बो फिरतो तो निव्वळ एक्झॉस्टच्या जोरावर. ड्रायव्हर नॉच (शक्तीची पायरी) वाढवतो, डिझेल लगेच वाढतं, टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि मधल्या वेळात हवा कमी पडून अर्धवट जळालेलं डिझेल काळं होऊन बाहेर पडतं. ईएमडीचा टर्बो कमी वेगाला गिअरने इंजिनालाच जोडलेला असतो, म्हणून तिथे असा लोट क्वचित. धूर दिसला की लगेच अल्को म्हणू नका, जीई (जनरल इलेक्ट्रिक) सुद्धा फोर-स्ट्रोकच आहे. पण टर्बोवाली ईएमडी यादीत खाली ढकलायला हरकत नाही.

डब्ल्यूडीएम-२ ची आणखी एक देणगी म्हणजे ट्रायमाउंट बोगी. घोरपडी किंवा कल्याण शेडच्या आसपास उभं राहून ती न्याहाळलेल्यांना माहीत आहे की मधली धुरी बरोबर मध्ये नसते, एका बाजूच्या धुरीकडे सरकलेली असते. अल्कोच्या आरएसडी मालिकेत आणि सी६२८ मध्ये हेच असमान अंतर दिसतं. बाल्डविन या दुसऱ्या कारखान्याच्या काही इंजिनांखालीही अशीच बोगी आहे, त्यामुळे नुसत्या बोगीवर निकाल देता येत नाही. लाँग हूड पुढे ठेवून धावणंही आपल्या ओळखीचं. सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न या दोन कंपन्यांनी ती सवय इतकी जपली की एसडी४०-२ सुद्धा उंच शॉर्ट हूडच्या मागवल्या. त्या काळात बाकीच्यांची नाकं बुटकी झाली होती, म्हणून नवी ईएमडी आणि उंच नाक दिसलं की आधी हीच दोन नावं आठवावीत.

जीईचा अभ्यास अजून तुटपुंजा आहे. छतावर पंख्यांची रांग नाही, रेडिएटर अगदी शेवटच्या टोकाला, एवढं पक्कं झालंय. यू३३सी आणि यू३६सी वर रेडिएटर दोन्ही बाजूंना पंखांसारखे बाहेर येतात. तिथेही कारण तेच, वाढलेली शक्ती.

एफ युनिटांत, म्हणजे ईएमडीच्या पूर्ण बंद अंगाच्या जुन्या इंजिनांत, एफटीच्या बाजूला चार गोल खिडक्या जवळजवळ असतात. एफ३ वर बऱ्याचदा तारेची जाळी, उशिराच्या एफ७ वर उभ्या फटींची स्टीलची जाळी, आणि एफ९ ला पुढच्या गोल खिडकीच्याही पुढे हवेचा एक जादा झरोका. त्याच कारखान्याच्या प्रवासी इंजिनांत ई७ ला चौकोनी खिडक्या आणि ई८ ला गोल, हे तर पाठच झालंय.

विजेच्या इंजिनांत हवेच्या वाटेवरून ओळखायचा नियम चालेल असं वाटत नव्हतं, पण पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या जीजी१ ने तिथेही साथ दिली. १९३४ ते १९४३ दरम्यान १३९ इंजिनं बनली. पहिलं, ४८०० नंबरचं, रिव्हेटने जोडलेलं. डिझायनर रेमंड लोवी यांच्या सूचनेनुसार पुढच्यांची अंगं वेल्डिंगने गुळगुळीत केली. म्हणजे रिव्हेटच्या रांगा दिसल्या की एकच नाव. १९५८ च्या हिवाळ्यात पिठासारखा बारीक बर्फ पडला. तो बाजूच्या झरोक्यांच्या फिल्टरमधून आत गेला, मोटरींपाशी वितळला आणि इंजिनं धडाधड बंद पडली. त्यानंतर काही इंजिनांचे हवेचे झरोके वर, पेंटोग्राफखाली (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याखाली) हलवले. त्यामुळे पेंटोग्राफच्या खालचा भाग नीट दिसला तर फोटो १९५८ नंतरचा आहे का, याचाही अंदाज बांधता येतो. जीजी१ चा विषय निघालाच आहे तर ४८७६ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५ जानेवारी १९५३ ला ब्रेक निकामी झालेली गाडी घेऊन ती वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात घुसली आणि फरशी खचून तळघरात गेली. कुणाचा जीव गेला नाही, आणि इंजिन सुट्या भागांत बाहेर काढून, जोडून, पुन्हा धावायला लागलं.

न्यू हेवनच्या एफएल९ ला मात्र हवा बघायची गरज पडत नाही. पुढे दोन धुऱ्यांची बोगी, मागे तीन धुऱ्यांची. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या उन्नत मार्गाला वजनाची मर्यादा होती, म्हणून मागे जादा धुरी दिली. डिझेलवरही चालणारी आणि ग्रँड सेंट्रलच्या तिसऱ्या रुळावरही चालणारी ही ६० इंजिनं.

सध्या हातात सांता फेची सीएफ७ आहे. टेक्सासमधल्या क्लेबर्न कारखान्यात १९७० च्या दशकात जुन्या एफ७ ची सगळी बॉडी उतरवून त्यातून रोड स्विचर बनवल्या, दोनशेहून जास्त. एफ७ मध्ये बाजूच्या भिंतीच भार पेलत. त्या काढल्यावर चौकट नव्याने मजबूत करावी लागली, म्हणून फळीखालची कड नेहमीपेक्षा खोल दिसते. सुरुवातीच्या इंजिनांवर केबचं छत जुन्या एफ७ सारखं गोलसर आहे, नंतरच्यांवर कोनदार. मधल्या काळातले फोटो जमवून बदल नेमका कुठे पडतो ते लावायचं काम चालू आहे.

जाता जाता पुढचा तुकडा तुमच्यासाठी. सहा धुऱ्या, एचटी-सी बोग्या, पाण्याच्या पातळीची काच आहे. मागे तीन मोठे पंखे, पण एकमेकांपासून लांब बसवलेले. हूडची कड सरळ, कुठेही फाकलेली नाही. ओटे एसडी४०-२ पेक्षा आखूड. सिलिंडर किती असतील, ते आधी सांगा.