घास अडकतो, हे आधी कुणी विचारलेच नव्हते

पोळीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा, भात कालवून पातळ करायचा आणि पंगतीत सर्वांत शेवटी उठायचे, या माझ्या सवयी इतक्या जुन्या होत्या की त्यांना मी आजाराची लक्षणे कधी मानलेच नाही. दोन वर्षांपूर्वी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली तपासणी, झाली होती. अन्ननलिका वरवर ठीक दिसल्याने बायोप्सी (तपासणीसाठी अस्तराचा छोटा तुकडा) घेतली गेली नाही आणि पित्ताच्या गोळ्यांवर विषय संपला. त्या एका चुकलेल्या तपासणीचे मला आजही वाईट वाटते.

पुढे एका रात्री मटणाचा तुकडा छातीत असा अडकला की थुंकीही गिळता येईना. तो दुर्बिणीने काढल्यावर डॉक्टरांनी विचारले, जेवायला किती वेळ लागतो, घासागणिक पाणी लागते का, लहानपणी दमा किंवा सततची सर्दी होती का? तिन्ही उत्तरे त्यांना अपेक्षित अशीच निघाली. मग अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागांतून मिळून सहा तुकडे तपासायला गेले, कारण डॉक्टरांना शंका होती ती अन्ननलिकेची सूज सगळीकडे सारखी नसते आणि एखाद्याच तुकड्यात ती निसटू शकते. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात 15 किंवा अधिक इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसल्या, तर या आजाराचा विचार होतो. माझ्या अहवालात 42 होत्या. निदान होते इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे या पेशी साठून अन्ननलिकेला येणारी सूज.

आम्ल कमी करणारी गोळी आठ आठवडे दिवसातून दोनदा घेतली. मला बरे वाटू लागले, म्हणून पुन्हा एंडोस्कोपी कशाला, असे मी विचारलेही; पण आकडा 30 निघाला. गिळणे सुधारले म्हणजे सूज उतरली असे नसते, हे मला तेव्हा कळले.

मग ब्युडेसोनाइड हे सूज उतरवणारे स्टिरॉइड सुरू झाले. नेब्युलायझरसाठी मिळणारे द्रव औषध मधात घोटून दाट करायचे, सावकाश गिळायचे आणि नंतर अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नाही, म्हणजे ते अन्ननलिकेच्या अस्तराला चिकटून राहते. तोंडात बुरशी होऊ नये म्हणून नंतर चूळ भरून ती थुंकायची. तिसऱ्या तपासणीत आकडा 4 आला.

औषध थांबवल्यास सूज बहुधा परतते, म्हणून कमी मात्रा चालू आहे. ही सूज दुधासारख्या पदार्थामुळेही येऊ शकते, म्हणून आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध वर्ज्य करून पाहत आहे. चहापेक्षा दही-ताक सोडणे जड जाते, आणि बिस्किटांच्या पाकिटांवरील बारीक अक्षरे वाचण्यातच निम्मा वेळ जातो. पुढची एंडोस्कोपी तीन महिन्यांनी आहे.