समुद्रमेथीतला समुद्र

मी सोलापूरची. आमच्याकडे मेथी म्हणजे हातभर जुडी, आणि तिचे कोवळे शेंडे कच्चेच. भाकरी, शेंगाचटणी, फोडलेला कांदा. लग्नानंतर दादरच्या बाजारात भाजीवालीने हाक मारली, "ताई, समुद्रमेथी घ्या!" तिच्या टोपलीत मुळांसकट बांधलेल्या मूठमूठ जुड्या. देठं बोटभर, दोऱ्यासारखी पांढरी, टोकाला दोन इवली पानं. मला वाटलं, शेवाळाचा काहीतरी प्रकार असणार.

सासूबाई हसल्या. "अगं, मेथीच ती. आपल्या डब्यातलेच दाणे." किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत दाट पेरायची आणि नीट पानं धरायच्या आत उपटायची. नावातला समुद्र तो एवढाच.

पहिल्या दिवशी मी ती नळाखाली धुतली. जेवताना सगळ्यांच्या दाताखाली कचकच. कुणी बोललं नाही, हे जास्त लागलं. मग शिकले: जुडी न सोडता मुळं कापायची, मोठ्या पातेल्यात भाजी बुडवून ठेवायची आणि हाताने अलगद वर उचलायची. पातेलं भाजीसकट उपडं केलं की खाली बसलेली वाळू पुन्हा भाजीतच. असं तीन-चार वेळा. पुढचं सोपं: लसूण, मिरची, कांदा, वरून ओलं खोबरं. झाकण ठेवायचं नाही.

मेथीला गावांची नावं लागतात बहुतेक. कसुरी मेथी कसूरची, म्हणजे आता पाकिस्तानातल्या पंजाबची. पण तशी मेथी राजस्थानात नागौरकडे भरपूर पिकते आणि कसुरी म्हणूनच विकली जाते. (ती आपल्या मेथीची चुलत बहीण, जात वेगळी.) लॅटिनमध्ये तर मेथी म्हणजे 'ग्रीक गवत', वाळवलेला चारा!

गेल्या महिन्यात घरीच लावली. चौपाटीची वाळू खारट म्हणून सासूबाईंनी आणू दिली नाही. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून आईस्क्रीमचा डबा भरून आणली. ती नदीची. रात्रभर भिजवलेले दाणे पसरले, दहाव्या दिवशी उपटली. चौघांत एक वाटी भाजी झाली.

आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन: "एवढुशी? अगं, हिच्यात आपल्या म्हशीचा एक घाससुद्धा नाही व्हायचा."