डीबीएस: ऑपरेशनच्या अलीकडचं आणि पलीकडचं

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोडच्या बारीक तारा बसवून बॅटरीने करंट देण्याचा पार्किन्सन्सवरचा उपचार) करून घेतलंय असं कळलं की लोक हमखास विचारतात, "जागेपणी डोक्याला भोक पाडतात म्हणे, दुखलं नाही का?" नाही दुखलं. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत आणि वरच्या कातडीला भूल दिलेली असते. मला जास्त दमवलं ते ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांनी आणि नंतरच्या प्रोग्रॅमिंगने, म्हणजे करंट कुठे आणि किती द्यायचा ते बसवण्याने. त्यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे भर त्यावरच देते.

माझा पार्किन्सन्स उजव्या हातापासून सुरू झाला. आधी अक्षर बारीक झालं, मग कंप आला, मग सगळी उजवी बाजू आखडू लागली. मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्यांवर पहिली काही वर्षं बरी गेली. पुढे गोळीचा असर लवकर उतरू लागला, म्हणून गोळ्या जवळजवळ आल्या, डोस वाढला. गोळी चढली की मान, खांदा, पाय मनाविरुद्ध हलत राहायचे, म्हणजे डिस्किनेशिया. उतरली की खुर्चीतून उठायला कुणीतरी हात द्यावा लागायचा. या दोहोंच्या मधला, माणसासारखं वावरायचा वेळ आक्रसत चालला होता. शुभार्थींना, म्हणजे पार्किन्सन्सच्या पेशंटना, हे ऑन-ऑफचं (गोळी चढलेली ती ऑन, उतरलेली ती ऑफ) गणित मी वेगळं समजावून सांगायला नकोच.

डीबीएसचा विषय न्यूरोलॉजिस्टांनी काढला, आणि काढतानाच दोन गोष्टी बजावून सांगितल्या. याने रोग बरा होत नाही, त्याचं पुढे सरकणंही थांबत नाही. आणि दुसरी, जी मी पुढे अनेकांना ऐकवली: "गोळी नीट चढलेली असताना तुम्ही जशा असता, तशा दिवसातला जास्त वेळ राहाल. त्याहून चांगल्या होण्याची अपेक्षा धरू नका." याला मुख्य अपवाद कंपाचा. गोळीला दाद न देणारा कंपही करंटला दाद देऊ शकतो. पण ऑनमध्ये असतानाही पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल, बोलणं अस्पष्ट असेल, तर ते सहसा सुधारत नाही. बोलणं तर आणखी बिघडूही शकतं. माझे पाय दारातून जाताना ऑनमध्येही अडायचे. म्हणजे तेवढं माझ्या वाट्याला राहणार, हे आधीच कळलं. काय सुधारणार नाही ते आधी सांगणारा डॉक्टर मिळाला, हे मी माझं नशीब समजते.

मग लेव्होडोपा चॅलेंज टेस्ट. आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद, साधारण १२ तास औषधाविना. रात्री कूस बदलता आली नाही. सकाळी तशाच आखडलेल्या अवस्थेत तपासणी झाली: बोटं एकमेकांवर आपटा, मूठ उघडा-मिटा, टाच आपटा, हात न लावता उठा, चाला, वळा. मागून खांदे ओढून तोल सावरतो का तेही पाहिलं. प्रत्येक गोष्टीला गुण, आणि इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. त्यानंतर नेहमीपेक्षा मोठा डोस दिला आणि तो चढल्यावर हेच सगळं पुन्हा. या दोन बेरजांमध्ये किमान ३० टक्क्यांच्या आसपास फरक पडला तर ऑपरेशनचा उपयोग होईल असं धरतात. पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे असलेले आजार, जसे एमएसए (मल्टिपल सिस्टीम अ‍ॅट्रॉफी) किंवा पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), यांत गोळीने असा ठळक फरक पडत नाही, आणि डीबीएसचाही फायदा होत नाही. त्यामुळे ही चाचणी म्हणजे निदानाचीही फेरतपासणी असते. टाळू नका आणि "थोडीशी गोळी घेऊन गेलं तर काय होतंय" असा विचारही करू नका.

मानसशास्त्रज्ञांकडची तपासणी मला त्याहून जड गेली. शब्द लक्षात ठेवा, एका अक्षराने सुरू होणारे शब्द भराभर सांगा, आकृत्या काढा, आकडे उलटे म्हणा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर ऑपरेशनने ती वाढू शकते, म्हणून हे बघतात. नैराश्याबद्दल खोदून विचारलं. नवऱ्याला वेगळं बसवून विचारलं की ही अवाजवी खरेदी करते का, जुगार खेळते का. मला आधी रागच आला. पण डोपामिनची नक्कल करणाऱ्या, डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटाच्या गोळ्यांनी अशी वेडं लागू शकतात आणि पेशंट ती लपवतो, त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

लेकीने मधेच फोकस्ड अल्ट्रासाऊंडचं काढलं. चिरफाड नाही, बॅटरी नाही, मग ते का नको? डॉक्टरांनी समजावलं की त्यात ध्वनिलहरींनी मेंदूतला एक छोटा ठिपका तापवून कायमचा निकामी करतात. एका बाजूच्या कंपासाठी ते उत्तम. पण माझ्या दोन्ही बाजू धरल्या होत्या, आणि एकदा जाळलेला ठिपका कमीजास्त करता येत नाही. करंट वाढवता येतो, कमी करता येतो, बंदही करता येतो. मला त्या "बंदही करता येतो"चा आधार वाटला. धोकेही तिथेच विचारून घेतले: मेंदूत रक्तस्राव, म्हणजे शंभरात एखाद-दोघांना; आणि जंतुसंसर्ग, जो त्याहून थोडा जास्त वेळा होतो आणि कधीकधी बसवलेली वस्तू काढावी लागते.

ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा गोळ्या बंद. डोक्याला धातूची फ्रेम चार स्क्रूंनी घट्ट बसवतात. त्याआधीची भुलीची इंजेक्शनं झोंबतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या दिवसात दुखलं ते एवढंच. फ्रेमसकट सीटी स्कॅन झाला आणि तो आधीच्या एमआरआयवर जुळवून वाट आखली गेली. जायचं होतं सबथॅलॅमिक न्यूक्लियसपर्यंत. मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर असलेला, जेमतेम काही मिलिमीटरचा हा भाग. ड्रिल सुरू झालं तेव्हा दुखलं नाही, पण तो आवाज कानांनी नाही, हाडांनी ऐकू येतो. दात घट्ट आवळून बसले.

मग बारीक सुई आत जाऊ लागली आणि स्पीकरवर माझ्याच पेशींचा आवाज आला. सुरुवातीला तुरळक टकटक, मधे जवळजवळ शांतता, आणि एकदम पत्र्यावर वळवाचा पाऊस कोसळावा तसा दाट, वेडावाकडा कडकडाट. खोलीतली सगळी माणसं एकदम सावध झाली. तोच सबथॅलॅमिक न्यूक्लियस. त्या जागी करंट देऊन पाहिला तेव्हा न्यूरोलॉजिस्ट माझं मनगट धरून हलवत होते. आखडलेलं मनगट त्यांच्या हातात सैल पडलं ते मला स्वतःला कळलं. करंट आणखी वाढवला तर ओठाचा कोपरा ओढला गेला आणि वारांची नावं सांगताना जीभ जड झाली. हेही त्यांना हवंच असतं. बाजूने जाणाऱ्या नसांच्या जुडग्यापासून आपण किती लांब आहोत ते त्यावरून कळतं. जागं ठेवायचं कारण एवढंच. काही ठिकाणी आता पूर्ण भूल देऊन, नुसत्या प्रतिमांच्या आधारानेही करतात.

या उपचाराचा शोधही अशाच चाचणीतून लागला. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला न्यूरोसर्जन अ‍ॅलिम-लुई बेनाबिद कंपासाठी थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागातला ठिपका जाळण्याचं ऑपरेशन करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला करंट देत. त्याची वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास नेली की नुसत्या करंटनेच कंप थांबतो, हे त्यांनी टिपलं. मग जाळायचं कशाला? करंटच चालू ठेवू. पार्किन्सन्ससाठी सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर हा उपाय १९९० च्या दशकात आला.

दुसरी बाजू संपेपर्यंत मी पार थकले होते. बॅटरी मात्र पूर्ण भूल देऊन बसवली: कॉलरबोनच्या खाली कातडीत खिसा, आणि तिथून मानेतून, कानामागून वर जाणारी वायर. मान वळवली की ती वायर अजूनही जाणवते.

घरी आले तेव्हा मी चक्क बरी होते. कंप कमी, चाल मोकळी. नातेवाईकांनी अभिनंदन केलं. मशीन मात्र अजून बंद होतं! इलेक्ट्रोड घुसल्यामुळे तिथे जी किंचित इजा आणि सूज होते, तिचाच हा तात्पुरता परिणाम. सूज उतरली की लक्षणं परततात. माझी परतली, आणि आधी सांगून ठेवलेलं असूनही त्या आठवड्यात मी रडले. याच कारणाने प्रोग्रॅमिंग लगेच न करता काही आठवड्यांनी सुरू करतात.

पहिलं प्रोग्रॅमिंग पुन्हा औषधाविना. प्रत्येक इलेक्ट्रोडवर एकाखाली एक संपर्कबिंदू असतात. एकेक बिंदू घ्यायचा, करंट हळूहळू वाढवायचा, कुठे फायदा दिसतो आणि कुठे त्रास सुरू होतो ते लिहायचं, पुढचा बिंदू. कधी हाताला मुंग्या, कधी एकाची दोन माणसं, कधी छातीत उगाच धडधड. काही तास हेच. वारंवारता बहुधा १३० हर्ट्झ, एका ठोक्याची लांबी ६० मायक्रोसेकंद, हे सुरुवातीचे ठरलेले आकडे. पुढे प्रत्येकाचं वेगळं. कंप आणि ताठरपणा लगेच उतरतो, चालण्यातला फरक तास-दिवसांनी कळतो, त्यामुळे एका बैठकीत "जमलं" असं कुणी म्हणू शकत नाही. मला तर करंटनेच डिस्किनेशिया सुरू झाला. म्हटलं, बिघडलं सगळं. डॉक्टर खूश: जागा बरोबर लागलीय, म्हणाले.

मग गोळ्या उतरवायचं काम. सबथॅलॅमिक डीबीएसनंतर औषध बरंच कमी होतं, माझं निम्म्यावर आलं. पण मधल्या काळात मला कशातच रस उरला नाही. रडू नाही, दुःख नाही, नुसतं बसून राहायचं. शरीर मोकळं आणि मन बंद. मला ते खटकतही नव्हतं. नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला. डोपामिन भराभर कमी केलं की असं होतं म्हणे. थोडी गोळी परत वाढवली आणि काही आठवड्यांत मी माणसांत आले. घरच्यांनी हे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, कारण पेशंट तक्रारच करत नाही.

बोलण्याचा हिशेब अजून चालू आहे. ज्या करंटवर हात-पाय उत्तम चालतात, त्यावर माझा आवाज बसतो. म्हणून रिमोटमध्ये दोन सेटिंग्ज ठेवून दिल्या आहेत. फोनवर बोलायचं किंवा चारचौघांत काही सांगायचं असेल तर कमी करंटची, एरवी नेहमीची. दारातून जाताना पाय अजूनही अडतात. त्यासाठी जमिनीवर पट्ट्या, मनात ताल मोजणं आणि फिजिओथेरपी. वजन मात्र वाढलं, तेही या ऑपरेशननंतर होतंच.

फिजिओथेरपीवरून आठवलं. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (रेडिओलहरींनी शरीर आतून तापवणारा) शेक या मशीनला कधीही चालत नाही. इलेक्ट्रोडचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते. नव्या थेरपिस्टला हे मी पहिल्या वाक्यात सांगते. एमआरआय आपल्या मॉडेलला कोणत्या अटींवर चालतो ते आधी विचारायचं, दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला मशीनची कल्पना द्यायची, विमानतळावर मशीनचं ओळखकार्ड दाखवायचं.

बॅटरी साधी घ्यायची की चार्ज होणारी, यावर घरात बरीच चर्चा झाली. साधी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे छोटं ऑपरेशन पुन्हा. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण छातीवर चार्जर लावून नेमाने बसावं लागतं, विसरून चालत नाही. मी साधी घेतली. हात आखडलेले असताना चार्जर नीट जागेवर लावता येईल याची मला खात्री नव्हती. बॅटरी अचानक संपली तर लक्षणं एकदम, आधीपेक्षाही जोरात उसळू शकतात, म्हणून दर भेटीत उरलेला चार्ज बघून घेतो आणि बदलायची वेळ जवळ आली की तारीख आधीच ठरवायची, असं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.