भाषेच्या रकान्यात ‘निहाली’ लिहून घ्यायला लागलेले 11 आठवडे

एका रकान्यासाठी 11 आठवडे गेले. आठवलं की अजूनही डोकं तापतं, म्हणून लिहून ठेवतोय.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाल लोक निहाली बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. शेजारच्या कोरकू या आदिवासी भाषेतून शब्द भरपूर घेतलेत, पण ही भाषा नेमकी कुठल्या कुळातली, ते अजून ठरलेलं नाही. तिथल्या एका आजींच्या गोष्टी आम्ही चार फेऱ्यांत रेकॉर्ड केल्या. बोटांवर मोजताना त्या म्हणायच्या, ‘बिदुम, इरार, मोथो, नालो’. पाचापासून पुढची गिनती हिंदी-मराठी वळणाची.

हे सगळं कायमचं जपलं जावं म्हणून एका संग्रहाकडे अर्ज केला. तिथे गाडी अडली. भाषा यादीतूनच निवडायची आणि यादीत निहाली नाही. ‘कोरकू टाका, निहाल त्यातच येतात,’ टेबलावरचे साहेब म्हणाले. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल कोरकूंसोबत आहेत, हे खरं. पण ती यादी जमातींची, भाषांची नाही! मी तीन वेळा हेच सांगितलं आणि तिन्ही वेळा अर्ज त्रुटी काढून परत आला. मग म्हणाले, जनगणनेतला आकडा जोडा. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषांचे आकडे जनगणना वेगळे छापतच नाही. मी आणणार कुठून? भाषा लहान आहे म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून तिला नाव नाही. त्या दिवशी एसटीत बसून मला रडू आलं.

कोरकू लिहून मोकळा झालो असतो तर दुसऱ्या आठवड्यातच काम झालं असतं. पण मग उद्या निहाली शोधणाऱ्याला आजींचा आवाज सापडलाच नसता.

शेवटी तीन कागद कामी आले. एक, भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकांच्या यादीतलं पान. तिथे निहालीला ‘एनएलएल’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. दुसरा, डच भाषाशास्त्रज्ञ कुइपर यांच्या 1962च्या निहालीवरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाची झेरॉक्स. तिसरा मी घरी तयार केला. वीस शब्द, एका बाजूला निहाली, दुसऱ्या बाजूला कोरकू. पाण्याला निहालीत ‘जोप्पो’, कोरकूत ‘डा’. ते पान बघून नव्याने आलेल्या बाई म्हणाल्या, ‘अहो, ह्या तर दोन भाषा आहेत.’ चार दिवसांत पोच आली. भाषा : निहाली. ती पोच मी जपून ठेवली आहे.

अर्ज करणाऱ्यांनो, हे तीन कागद पहिल्याच दिवशी जोडा. प्रत्येक वेळी आवक क्रमांक मागून घ्या. माझा दुसरा अर्ज त्याशिवाय गहाळच होणार होता. संमती आधी त्यांच्याच भाषेत, रेकॉर्डर चालू ठेवून घ्या, अंगठा नंतर. पत्र्याच्या घरात पावसाच्या दिवसांत रेकॉर्डिंग करू नका, आमचा एक तास त्यातच वाया गेला.

आणि संग्रहासाठी वेव्ह फाइल द्या, पण घरच्यांना एमपीथ्री करून मेमरी कार्डावर द्या. मोठ्या फाइली आजींच्या नातवाच्या फोनवर उघडेचनात.